विंडोज, लिनक्स की मॅक? गेमच्या एफपीएसबद्दल सारखे सारखे येणारे प्रश्न

मी घरच्या एकाच डेस्कटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवून गेम खेळतो, शिवाय घरात एक मॅकबुक पण आहे, हे एकदा ओळखीत पसरलं आणि तेव्हापासून मेसेज थांबलेले नाहीत. प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून इथे एकत्र लिहून ठेवलेत. एफपीएस म्हणजे एका सेकंदात स्क्रीनवर येणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं, आणि ओएस म्हणजे विंडोज, लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम. नंबर दिलेत कारण एकाच्या उत्तरात दुसऱ्याचा उल्लेख येतो. सरळ वरून खाली वाचलंत तरी चालेल.

१. फिरवून नको, सरळ सांगा. गेमिंगला सगळ्यात फास्ट ओएस कोणती?

सगळेच्या सगळे गेम चालायला हवेत तर विंडोज. एएमडीचं ग्राफिक्स कार्ड आहे आणि मुख्यतः सिंगल प्लेयर खेळता तर लिनक्स बरोबरीला आहे, कधी थोडं पुढे कधी थोडं मागे. मॅक या शर्यतीत वेगळ्याच ट्रॅकवर पळतोय, त्याचं प्रश्न ८ मध्ये बघा. पण "फास्ट ओएस" असं काही नसतं हो. तुमचं कार्ड कुठलं, गेम डायरेक्टएक्स ११ वर आहे की १२ वर (हे काय ते प्रश्न २ मध्ये), अँटी चीट, म्हणजे चीटर पकडणारा प्रोग्रॅम, आहे का, या तीन गोष्टी कळल्याशिवाय मी कुणालाच उत्तर देत नाही, आणि या तिन्ही न सांगता "कोणती बेस्ट" विचारणाऱ्यांनाच सगळ्यात जास्त घाई असते.

२. मशीन तीच, गेम तोच, मग ओएस बदलल्याने फरक पडतोच कशाला?

कारण गेम थेट कार्डशी बोलत नाही. गेम आधी एका ग्राफिक्स एपीआयशी, म्हणजे चित्र काढायला सांगायच्या ठरलेल्या भाषेशी, बोलतो, विंडोजवर बहुतेक डायरेक्टएक्स, लिनक्सवर व्हल्कन, मॅकवर मेटल. मग तो एपीआय ड्रायव्हरशी बोलतो आणि ड्रायव्हर कार्डला कामाला लावतो. ओएस बदलली की ही मधली माणसं बदलतात. वर प्रोसेसरचं काम कुठल्या कोअरवर टाकायचं हे ठरवणारा शेड्युलर वेगळा, फाइल सिस्टिम वेगळी, मागे चालणाऱ्या सर्व्हिस वेगळ्या. कार्डची ताकद तेवढीच राहते, ती वाया किती जाते एवढाच फरक.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. फोर के मध्ये सगळं अल्ट्रावर टाकलं की कार्डच दमून जातं आणि दोन्ही ओएसचे आकडे जवळजवळ येतात, उलट १०८० पी लो सेटिंगवर प्रोसेसर आणि ड्रायव्हरची धावपळ उघडी पडते आणि तिथे फरक मोठा दिसतो. म्हणून कुणी तुलना दाखवली की आधी रिझोल्यूशन बघा.

३. प्रोटॉन म्हणजे एम्युलेटरच ना? मग स्लो असणारच की.

नाही, आणि हा गैरसमज काही केल्या जात नाही. प्रोटॉन म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी, स्टीम या गेमच्या दुकानातच मिळणारी सोय. प्रोटॉनच्या पोटात वाइन आहे, १९९३ पासून चालू असलेला प्रोजेक्ट, आणि "हा एम्युलेटर नाही" हे त्याच्या इंग्रजी नावातच दडलेलं आहे. एम्युलेटर दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करतो. इथे तसं काही होत नाही, विंडोजच्या गेममधल्या सूचना तुमच्याच प्रोसेसरवर जशाच्या तशा चालतात, फक्त गेमने विंडोजला मारलेली हाक लिनक्स ऐकतो आणि उत्तर देतो.

खर्च येतो तो ग्राफिक्सच्या भाषांतरात. डायरेक्टएक्स ८ ते ११ चं व्हल्कनमध्ये रूपांतर डीएक्सव्हीके करतं आणि १२ चं व्हीकेडीथ्रीडी प्रोटॉन. हे सगळं एकत्र बांधून स्टीमची कंपनी व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीमच्या आत टाकलं आणि तिथून चित्र पालटलं, त्याआधी वाइनवर एक गेम चालवायला अख्खा रविवार जायचा आणि संध्याकाळी आवाजच येत नाहीये हे कळायचं.

४. भाषांतराचा खर्च आहे म्हणता, मग काही गेममध्ये लिनक्सवर जास्त एफपीएस येतात ते कसं?

खर्च आहे, पण तो दुसरीकडे भरून निघू शकतो. एएमडीसाठी लिनक्सवर आरएडीव्ही नावाचा खुला व्हल्कन ड्रायव्हर आहे, २०१६ पासूनचा, आणि त्यातला एसीओ हा शेडर (कार्डवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करणारा कंपायलर व्हॉल्व्हनेच पैसे घालून करून घेतला. तो इतका चांगला झालाय की भाषांतराचा तोटा बऱ्याच गेममध्ये गिळून टाकतो. दुसरं म्हणजे भाषांतर करणारा थर गेमची चूक दुरुस्त करू शकतो. २०२२ मध्ये एल्डन रिंग आला तेव्हा विंडोजवर गचके खात होता, आणि स्टीम डेक या व्हॉल्व्हच्या लिनक्सवाल्या हातातल्या कन्सोलवर मात्र व्हॉल्व्हच्या लोकांनी थरातच सुधारणा केल्यामुळे तोच गेम गुळगुळीत चालायला लागला, गेमच्या कंपनीने काही करायच्या आत.

जुनं उदाहरण तर आणखी मजेदार आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये व्हॉल्व्हने लेफ्ट फोर डेड २ लिनक्सवर आणताना आकडे जाहीर केले होते. पहिल्यांदा चालवला तेव्हा लिनक्सवर ६ एफपीएस. सहा! मग कामाला लागले आणि जीटीएक्स ६८० वर उबंटूत ३१५ पर्यंत नेला, त्याच मशीनवर विंडोज ७ मध्ये डायरेक्टएक्सवर २७०.६ येत होते. लोक अजून हे आकडे "लिनक्स फास्ट आहे" म्हणून फेकतात, पण पुढचा भाग कुणी सांगत नाही. या खटाटोपात शिकलेलं त्यांनी विंडोजच्या ओपनजीएल (आणखी एक ग्राफिक्स एपीआय) आवृत्तीला लावलं आणि तिथेही ३०३.४ मिळाले. म्हणजे मोठा वाटा एपीआय आणि केलेल्या मेहनतीचा होता, ओएसच्या नावाचा वाटा उरला १२ फ्रेमचा.

आणि ३१५ विरुद्ध २७० ऐकायला केवढं वाटतं ना? एका फ्रेमला लागणारा वेळ काढा, ३.१७ मिलिसेकंद आणि ३.७० मिलिसेकंद. अर्धा मिलिसेकंद वाचला. तेच ६० वरून ५० वर आलात तर फ्रेममागे ३.३ मिलिसेकंद गेले, आणि ते डोळ्याला कळतं. एफपीएसमधला फरक किती मोठा आहे हे वरच्या आकड्यावर अवलंबून असतं, म्हणून मी नेहमी मिलिसेकंदात बघतो.

५. अ‍ॅव्हरेज दोन्हीकडे ९० च्या आसपास येतं, तरी एका ओएसवर गेम अडखळतो. माझा भास आहे का?

भास नाही. अ‍ॅव्हरेज हा फार खोटारडा आकडा आहे. एका सेकंदात ८९ फ्रेम पटापट आल्या आणि एक फ्रेम दीडशे मिलिसेकंद रखडली तरी अ‍ॅव्हरेज झकास दिसतं, पण नेमक्या त्या क्षणी तुमचा हेडशॉट हुकतो. त्यासाठी वन पर्सेंट लो बघायचा, म्हणजे सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा हिशोब, आणि शक्यतो फ्रेम टाइमचा ग्राफ. ग्राफ सपाट असेल तर ६० सुद्धा छान वाटतात. करवतीच्या दातांसारखा असेल तर १२० ला पण मजा नाही.

अडखळण्याचं सगळ्यात मोठं कारण शेडर कंपाइल होणं. नवीन जागा आली, नवीन इफेक्ट आला की कार्डसाठी छोटा प्रोग्रॅम तयार करावा लागतो आणि तोपर्यंत फ्रेम थांबते. अनरियल इंजिनवरचे बरेच डायरेक्टएक्स १२ चे गेम यासाठी बदनाम आहेत. लिनक्सवर स्टीम आधीच इतरांकडून जमवलेले शेडर खाली उतरवतं, म्हणून गेम सुरू करताना तो "शेडर प्रोसेस करतोय" चा कंटाळवाणा बार दिसतो. लोक तो स्किप करतात आणि मग मला मेसेज करतात की गेम अडखळतोय.

६. माझं कार्ड एनव्हिडियाचं आहे. लिनक्सवर गेलो तर पस्तावेन का?

कार्ड किती जुनं आणि गेम कुठला यावर आहे. डायरेक्टएक्स ९ ते ११ चे गेम आणि नेटिव्ह, म्हणजे भाषांतराशिवाय थेट चालणारे, व्हल्कनचे गेम साधारण विंडोजच्या जवळपास चालतात. दुखणं आहे डायरेक्टएक्स १२ चं, तिथे एनव्हिडियावर विंडोजच्या तुलनेत साधारण १० ते २० टक्क्यांचा मार बसल्याचं वर्षानुवर्षं लोक मोजून दाखवतायत, एएमडीवर तसा बसत नाही. म्हणून एकाच गेमबद्दल दोन मित्रांचे अनुभव उलटे असतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

डिस्प्लेच्या बाजूला परिस्थिती खूप सुधारलीये. वेलँड या लिनक्सच्या नव्या डिस्प्ले व्यवस्थेवर स्क्रीन लुकलुकायची, ते २०२४ च्या ५५५ ड्रायव्हरमध्ये एक्स्प्लिसिट सिंक आल्यावर बऱ्यापैकी मिटलं. डीएलएसएस, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून एफपीएस वाढवणारी एनव्हिडियाची सोय, प्रोटॉनमधून चालतं.

मात्र १०५० टीआय, १०६० वाल्यांनो, नीट ऐका, कारण तुमच्यासारखे भरपूर आहेत. तुमच्या कार्डांच्या पास्कल पिढीला सपोर्ट करणारी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे. कार्ड उद्या बंद पडणार नाही, पण तुमच्यासाठी नवीन सुधारणा येणार नाहीत, आणि डिस्ट्रोने, म्हणजे तुमच्या लिनक्सच्या आवृत्तीने, ड्रायव्हर पुढे ढकलला तर जुना धरून ठेवायची खटपट तुमची. आधीच जुन्या कार्डवर जगताय, त्यात ही भर नको असेल तर विंडोजवरच थांबा, त्यात काही कमीपणा नाही.

७. व्हॅलोरंट, फोर्टनाइट, जीटीए ऑनलाइन चालतील का लिनक्सवर? थोडे एफपीएस कमी आले तरी चालतील.

इथे एफपीएसचा प्रश्नच येत नाही, गेम उघडणारच नाही. व्हॅलोरंटचं अँटी चीट व्हँगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे ओएसच्या गाभ्यात, जाऊन बसतं, लिनक्समध्ये तो कर्नलच नाही. लीग ऑफ लेजेंड्स आधी वाइनवर चालायचा, २०२४ मध्ये त्यालाही व्हँगार्ड लागलं आणि संपलं. जीटीए ऑनलाइनला सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे अँटी चीट आलं तेव्हापासून लिनक्सवाले बाहेर, स्टोरी मोड मात्र चालतो. एपेक्स लेजेंड्सने तर आधी लिनक्स चालू दिलं आणि २०२४ च्या शेवटी दार लावून घेतलं, चीटर जास्त येतात असं कारण दिलं.

गंमत म्हणजे ईझी अँटी चीट आणि बॅटलआय या दोघांनीही २०२१ मध्येच प्रोटॉनला सपोर्ट दिलाय. पण तो चालू करायचा की नाही हे गेम कंपनीच्या हातात. फोर्टनाइट बनवणारी एपिक हीच ईझी अँटी चीटची मालक, तरी फोर्टनाइट लिनक्सवर नाही. त्यामुळे "हेच अँटी चीट असलेला दुसरा गेम चालतो मग हा का नाही" याला तांत्रिक उत्तर शोधत बसू नका.

काउंटर स्ट्राइक २ आणि डोटा २ लिनक्सवर नेटिव्ह आहेत, बिनधास्त खेळा. आणि कुठल्यातरी व्हिडिओत बघून अँटी चीटला फसवायच्या ट्रिक करू नका, अकाउंट बॅन झालं की स्किनवर घातलेले पैसे पण गेले.

८. कॉलेजसाठी मॅकबुक एअर घेतोय, चिप जबरदस्त आहे म्हणतात. गेमिंग होईल ना?

चिप जबरदस्त आहे, खरंच आहे. अडचण चिपची नाहीच, दुकानात माल नाही अशी आहे. अ‍ॅपलने २०१८ मध्ये ओपनजीएलला निवृत्तीची नोटीस दिली, व्हल्कन स्वतःहून कधी दिलंच नाही, आणि २०१९ च्या कॅटलिनामध्ये ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम बंद केले, एका अपडेटमध्ये लोकांच्या स्टीम लायब्ररीतले ढीगभर जुने गेम गेले. मग २०२० मध्ये एम१ चिप आली आणि मॅकवर विंडोज टाकायची सोय, बूट कॅम्पही गेलं. काउंटर स्ट्राइक २ मॅकवर आलाच नाही.

जे गेम नेटिव्ह आहेत ते मस्त चालतात. रेसिडेंट एव्हिल व्हिलेज, नो मॅन्स स्काय, बाल्डर्स गेट ३, आणि जुलै २०२५ पासून सायबरपंक २०७७ सुद्धा. बाकीच्यांसाठी क्रॉसओव्हर हे वाइनवर बेतलेलं सॉफ्टवेअर, किंवा अ‍ॅपलने २०२३ मध्ये दिलेलं गेम पोर्टिंग टूलकिट, जे खरं तर डेव्हलपरसाठी होतं पण लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्यावर गेम चालवून बघितले. इथे मात्र दोन भाषांतरं होतात, एक डायरेक्टएक्सचं मेटलमध्ये आणि दुसरं इंटेल एएमडीच्या सूचनांचं एआरएममध्ये, ते रोझेटा करतं. दोन दुभाषे मध्ये ठेवून भांडण करायचं म्हटल्यावर वेळ लागणारच. आणि अ‍ॅपलने सांगून टाकलंय की पूर्ण रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच, नंतर काही जुन्या गेमपुरता त्याचा तुकडा ठेवणार.

एअरमध्ये पंखा नाही हेही लक्षात घ्या. पहिली काही मिनिटं छान, मग चिप गरम झाली की स्वतःला आवरते. तुलना करताना आणखी एक, रेटिना स्क्रीनचं रिझोल्यूशन १०८० पी पेक्षा बरंच जास्त असतं, आणि लोक मित्राच्या १०८० पी लॅपटॉपशी तुलना करून मॅकला नावं ठेवतात. अभ्यासाला मॅक घ्या, गेम ही वरची मलई समजा. गेमसाठी म्हणून मॅक घेऊ नका.

९. विंडोज १० वरच राहू का ११ घेऊ? ११ वर एफपीएस पडतात असं ऐकलंय.

ऐकलंय ते अर्धं खरं आणि जुनं आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ११ आलं तेव्हा एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर एल३ कॅशेचा, म्हणजे आतल्या वेगवान मेमरीचा, घोळ होता, एएमडीनेच सांगितलं होतं की काही ईस्पोर्ट्स गेममध्ये १० ते १५ टक्के फटका बसू शकतो. त्याच महिन्यात तो दुरुस्त झाला. इंटेल १२ व्या पिढीपासून मोठे आणि छोटे कोअर एकत्र आलेत, त्यांची वाटणी ११ ला जास्त नीट जमते.

आजही जो फरक दिसतो तो बहुतेक वेळा मेमरी इंटिग्रिटी या सुरक्षेच्या सोयीचा, विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली सापडेल. नव्या मशीनवर ११ मध्ये ते आधीपासून चालू असतं, जुन्या विंडोज १० वर बहुतेकांच्या बंद असतं, आणि लोक समजतात ११ स्लो आहे. मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहून ठेवलंय की गेम खेळताना हवं तर बंद करा आणि नंतर परत चालू करा. मी बंद करत नाही, कारण त्याच मशीनवरून बँकेचे व्यवहार करतो. तुमचं तुम्ही ठरवा. विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या दोन्ही सोयी लागतात, तेव्हा उडी मारण्याआधी बायोसमध्ये ते आहे का बघा.

१०. यूट्यूबवर प्रत्येकाचे आकडे वेगळे. मला घरी स्वतः मोजायचंय, कसं करू?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं. विंडोजवर कॅपफ्रेमएक्स, लिनक्सवर मँगोहड, मॅकवर मेटलचा स्वतःचा एचयूडी आहे. पहिल्या दोन्हीत लॉग फाइल निघते, म्हणजे स्क्रीनकडे बघत "साधारण ऐंशी होते" असं करायला नको.

ज्या गेममध्ये आतच बेंचमार्क आहे तो घ्या, सायबरपंक किंवा फोर्झा होरायझन ५ वगैरे, कारण हाताने खेळलात की दर वेळी वेगळं खेळता. दोन्हीकडे रिझोल्यूशन, प्रीसेट, अपस्केलिंग हुबेहूब तेच, व्हीसिंक बंद, फ्रेम कॅप बंद, फ्रेम जनरेशन बंदच. फ्रेम जनरेशन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेल्या फ्रेम घालतं, ते चालू ठेवून मोजलेला आकडा म्हणजे दुधात पाणी. पहिला रन फेकून द्या कारण त्यात शेडर तयार होत असतात, मग तीन रन घ्या आणि मधला धरा. ड्रायव्हरचं व्हर्जन लिहून ठेवा, सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

आता खरी गोम. रन टू रन दोन तीन टक्के इकडेतिकडे होतातच, म्हणून तीन टक्क्यांचा फरक दिसला तर तो फरक नाही, बरोबरी आहे. आणि तापमान सांभाळा. विदर्भात मे महिन्यात दुपारी तीनला विंडोज मोजलं आणि पहाटे पाचला लिनक्स मोजलं तर तुम्ही ओएस मोजली नाहीत, हवामान मोजलंत. हसू नका, मला असे स्क्रीनशॉट आलेत. लॅपटॉप असेल तर दोन्ही वेळा चार्जर लावलेला हवा आणि पॉवर मोड सारखा हवा, मध्येच लाइट जाऊन इन्व्हर्टरवर आलात आणि चार्जर निघाला तर तो रन रद्द.

मॉनिटर नवीन असेल तर विंडोजमध्ये एकदा रिफ्रेश रेट तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालवून वर्षभर खेळणारे मी पाहिलेत.

११. गेमला लिनक्स आणि विंडोज दोन्ही व्हर्जन आहेत. नेटिव्ह लिनक्स घेतलेलं चांगलं ना?

वाटतं तसं, पण बऱ्याचदा उलटं निघतं. अनेक नेटिव्ह पोर्ट २०१४ ते २०१८ च्या काळातले आहेत, ओपनजीएलवर बसवलेले, नंतर कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही, आणि विंडोज आवृत्तीला मात्र अपडेट येत राहिले. अशा वेळी गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कंपॅटिबिलिटीत प्रोटॉन सक्तीने निवडा आणि दोन्ही मोजून बघा. याचा प्रश्न १० शी संबंध आहे: शॅडो ऑफ द टूम रेडरसारख्या गेमला लिनक्स पोर्ट आहे, तुम्ही न बघता बेंचमार्क चालवला तर दोन वेगळ्या प्रोग्रॅमची तुलना करून बसाल.

१२. एनटीसिंकने ६७८ टक्के एफपीएस वाढतात असं वाचलं. लगेच कर्नल बदलू का?

अहो, दम धरा. आकडा खरा आहे, डर्ट ३ मध्ये ११०.६ वरून ८६०.७ झाले होते, पण ती तुलना साध्या वाइनशी होती. प्रोटॉनमध्ये तेच काम करणाऱ्या ईसिंक आणि एफसिंक या युक्त्या आधीपासूनच आहेत, तुम्ही त्याच वापरताय. विंडोजमध्ये गेमचे अनेक थ्रेड एकमेकांसाठी थांबतात त्याची नक्कल एनटीसिंकमुळे आता थेट कर्नलमध्ये करता येते, लिनक्स ६.१४ पासून, आणि ते जास्त बिनचूक आहे. काही विचित्र गेमचे गचके त्याने जातील. एफसिंकवर असलेल्या माणसाला सातपट काही मिळणार नाही.

१३. लॅपटॉपमध्ये आरटीएक्स आहे, विंडोजवर भारी चालतो, लिनक्सवर निम्मे पण एफपीएस नाहीत. असं कसं?

गेम बहुतेक प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर चालतोय. मँगोहडमध्ये कार्डचं नाव दाखवायला सांगा, लगेच कळेल. काही डिस्ट्रोत ड्रायव्हर मोड बदलायची सोय असते, किंवा लॅपटॉपमध्ये मक्स स्विच (स्क्रीन कुठल्या ग्राफिक्सला जोडायची ते बदलणारा) असेल तर बायोसमधून थेट मोठ्या कार्डवर टाका. ते बरोबर असेल तर एनव्हिडियाचा खरा ड्रायव्हर बसलाय का बघा. नसेल तर आधी तो बसवा.

आणि ज्यांच्याकडे वेगळं कार्डच नाही त्यांनी ओएसच्या भानगडीत पडण्याआधी लॅपटॉपचं खालचं झाकण उघडून रॅमच्या किती पट्ट्या आहेत ते बघावं. आपल्याकडे स्वस्त लॅपटॉप सर्रास एकाच पट्टीवर विकले जातात. दुसरी तशीच पट्टी टाकली की ड्युअल चॅनेल होतं आणि आतल्या ग्राफिक्सला जो फरक पडतो तो कुठल्याही ओएस बदलापेक्षा मोठा असतो.

१४. ड्युअल बूट केलंय. विंडोजच्या डी ड्राइव्हवर उतरवलेले गेम लिनक्समधूनही चालवता येतील ना? परत १०० जीबी कोण उतरवणार.

मोह होतो मान्य आहे, पण नका करू. ती ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमची, असते. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटी सी ड्राइव्ह तयार करतं आणि त्यात फाइलच्या नावात कोलन वापरतं, जे विंडोजच्या नियमात बसत नाही. परिणाम, गेम उघडतो आणि लगेच मिटतो, किंवा विंडोजला वाटतं डिस्क खराब झाली आणि ते तपासणी लावतं. त्यात विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंदच होत नाही आणि लिनक्सला ड्राइव्ह फक्त वाचता येते, लिहिता नाही. लिनक्सच्या पार्टिशनवर स्टीमची वेगळी लायब्ररी करा आणि गेमच्या फाइल तिथे कॉपी करा, मग स्टीम नुसती तपासणी करतं, पूर्ण डाउनलोड वाचतो.

जाता जाता, लिनक्समधून परत विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसलं तर सेल गेलेला नाही. लिनक्स मदरबोर्डवरची वेळ जागतिक समजतो, विंडोज भारतीय समजतं. लिनक्सला "स्थानिक वेळ धर" असं एकदा सांगितलं की झालं, नाहीतर काही ऑनलाइन गेम चुकलेल्या वेळेमुळे लॉगिनच घेत नाहीत. आणि सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की काढून ठेवा. कागदावर.

१५. हँडहेल्डवर खरंच स्टीमओएस विंडोजपेक्षा फास्ट आहे की फॅनबॉयगिरी?

इथे फरक खरा आहे. मे २०२५ मध्ये लेनोव्होचा हँडहेल्ड लिजन गो एस स्टीमओएससह, म्हणजे व्हॉल्व्हच्या लिनक्ससह, विकायला आला, तोवर त्याची विंडोज आवृत्ती होतीच, त्यामुळे एकाच हार्डवेअरवर दोन्ही मोजता आले आणि बऱ्याच गेममध्ये स्टीमओएस पुढे निघालं, बॅटरीतही. कारण सोपं आहे, १५ वॉटवर चालणाऱ्या चिपवर मागे चालणारी प्रत्येक फालतू सर्व्हिस गेमच्या ताटातला घास खाते. डेस्कटॉपवर तेवढं कुणाच्या लक्षातही येत नाही. मायक्रोसॉफ्टलाही हे कळलं असावं, ऑक्टोबर २०२५ मधल्या एक्सबॉक्स अ‍ॅलायवर त्यांनी डेस्कटॉप न उघडता थेट गेमच्या स्क्रीनवर जाणारा मोड दिला. अँटी चीटचं दुखणं मात्र स्टीमओएसवर तसंच, प्रश्न ७.

१६. जुने गेम, म्हणजे शाळेत असताना सायबर कॅफेत खेळलेले, ते कुठे चांगले चालतात?

आश्चर्य वाटेल पण बऱ्याचदा लिनक्सवर. विंडोज ११ ला २००२ चा गेम कसा वागायचा हे आठवत नाही, वाइनमध्ये ती जुनी वागणूक जपून ठेवलीये. जीटीए ४ तर विंडोजवरही लोक डीएक्सव्हीकेच्या फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकून खेळतात, म्हणजे लिनक्ससाठी केलेला भाषांतराचा थर विंडोजवरच वापरतात, कारण त्याने गेम जास्त सरळ चालतो.

१७. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकून त्यात व्हॅलोरंट चालेल का?

नाही. अँटी चीट व्हर्च्युअल मशीन ओळखतं. साधे गेमसुद्धा तिथे रखडतात कारण कार्ड पूर्ण मिळत नाही, दुसरं कार्ड लावून ते आतल्या विंडोजला देऊन टाकता येतं पण तेवढे पैसे आणि वेळ असेल तर सरळ ड्युअल बूट करा.

१८. लिनक्स पीसी टीव्हीला लावलाय, एएमडी कार्ड. विंडोजवर फोर के १२० हर्ट्झ मिळतं, लिनक्सवर नाही. ड्रायव्हर खराब आहे का?

ड्रायव्हर खराब नाही, कागदपत्रांचा घोळ आहे. एएमडीने एचडीएमआय २.१ चा कोड तयार केला होता, पण एचडीएमआयचे नियम सांभाळणाऱ्या फोरमने खुल्या ड्रायव्हरमध्ये तो टाकायला फेब्रुवारी २०२४ मध्ये नकार दिला. त्यामुळे केबल भारी, टीव्ही भारी, कार्ड भारी आणि तरी अडकलात. मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्ट वापरा, तिथे ही भानगड नाही. टीव्हीला डिस्प्लेपोर्ट सहसा नसतो, म्हणून एकतर डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय २.१ अ‍ॅडॉप्टर, पण घेण्याआधी परत करता येईल ना ते दुकानदाराला विचारा, कारण व्हीआरआर, म्हणजे एफपीएसप्रमाणे रिफ्रेश रेट बदलणं, प्रत्येकात चालेलच असं नाही. नाहीतर १४४० पी १२० हर्ट्झवर ठेवा. मी तेच केलंय, सोफ्यावरून मला तरी फरक दिसत नाही.